कॅनॉलकाठची सायकल राइड: पंधरा जणांना घेऊन जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरो-वेस्ट विंडसर भागातले पंधरा-सोळा जण मे महिन्यातल्या एका शनिवारी डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलच्या टोपाथवर, म्हणजे काठच्या वाटेवर, सायकलने जायचं म्हणताहेत. त्यात नऊ-दहा वर्षांची दोन मुलं आहेत, चार-पाच जणांनी कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही, आणि एकांचे आईबाबा पुण्याहून आलेले आहेत. 'रस्ता पूर्ण सपाट आहे म्हणे, मग वीस मैल सहज होतील ना? कुठून सुरू करावं, काय न्यावं?'

वीस नको, दहा ठेवा. आणि कुठून मागे फिरायचं हे मैलांवर नको, घड्याळावर ठरवा.

मी २००८ पासून दर वर्षी चार-पाच वेळा या वाटेवर माणसं घेऊन जातो. आमच्या ज्या राइड फसल्या, त्यातल्या बहुतेकींच्या मुळाशी एकच वाक्य होतं: 'रस्ता तर सपाटच आहे.' म्हणून आधी त्या सपाटपणाबद्दल बोलू, बाकीचं त्यातून आपोआप येईल.

आपल्याकडचा कालवा शेताला पाणी द्यायला काढलेला असतो. पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या कडेने जी वाट दिसते, ती पाटबंधारे खात्याची जीप जावी म्हणून केलेली. इथला कॅनॉल काढला तो नावा न्यायला. १८३० साली परवाना मिळाला, १८३४ साली वाहतूक सुरू झाली. डेलावेअर नदीवरच्या बॉर्डनटाउनपासून रॅरिटनवरच्या न्यू ब्रन्सविकपर्यंत ४४ मैलांचा मुख्य कालवा, आणि त्याला पाणी पुरवायला २२ मैलांचा फीडर. खोदकाम बहुतेक आयरिश मजुरांनी फावड्या-घमेल्यांनी केलं, आणि १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कित्येक इथेच गेले. पेनसिल्व्हेनियातला कोळसा न्यू यॉर्ककडे नेणं हे त्याचं मुख्य काम. नावेला दोर बांधायचा आणि काठावरून खेचरांनी ती ओढायची. त्या खेचरांची वाट म्हणजे टोपाथ. पुढे रेल्वेने धंदा खाल्ला. १९३२ च्या हंगामानंतर कालवा वाहतुकीला बंद झाला आणि १९७४ साली त्याचं स्टेट पार्क झालं. पाणी मात्र आजही वाहतं आणि मध्य न्यू जर्सीतल्या घरांत नळाने येतं. तेव्हा त्यात पाय धुऊ नका, मुलांना दगड मारू देऊ नका.

आता, लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली न्यायचे दरवाजे. दोन लॉकच्या मधलं पाणी सपाट, म्हणून त्याच्या काठची वाटही सपाट. उतार असतो तो फक्त लॉकपाशी, तोही घराच्या ड्राइव्हवेएवढा. ऐकायला छान वाटतं. पण चढ नाही याचा अर्थ उतारही नाही. घाटात माणूस चढताना दमतो, मग उतारावर पेडल सोडून देतो, सीटवरून थोडा उठतो, हात मोकळे करतो. इथे ती सोय नाही. जेवढं अंतर जायचं तेवढं सगळं पेडल मारूनच, आणि तेही एकाच बैठकीत. वाट डांबरी नाही, बारीक खडी आणि माती दाबून केलेली आहे, त्यामुळे चाक जरा जास्त ओढतं. गंमत म्हणजे दम लागत नाही. दम लागला असता तर माणूस थांबला असता. त्याऐवजी आठव्या मैलाच्या सुमाराला बूड दुखायला लागतं, मनगटं बधिर होतात आणि गुडघे बोलायला लागतात. तेव्हा गाडी कित्येक मैल लांब उभी असते आणि मधे बस-रिक्षा काही नाही.

यावर उपाय साधे आहेत, पण ते निघायच्या आधी पार्किंग लॉटमध्येच करायचे. प्रत्येकाची सीट बघा. पेडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे पुढे पंजाने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. वर्षानुवर्षं सायकल न धरलेली माणसं पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात, आणि मग गुडघे धरून बसतात. त्यांना समजावा की थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. गिअर हलका ठेवायला सांगा. सपाटीवर नवशिका हमखास जड गिअर टाकतो, कारण दोन मिनिटं भारी वाटतं. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून बूड सीटवरून सोडवायचं, हाताची पकड बदलायची. टायर रस्त्यासारखे टणक फुगवू नका. पस्तीस-चाळीस मिलिमीटरच्या टायरला ४०-४५ पीएसआय हवा पुरते. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल आणू नका. हायब्रिड किंवा माउंटन बाइक उत्तम. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी प्रिन्सटनच्या दुकानातून भाड्याने घ्यावी. पण आदल्या दिवशी घ्या आणि घरासमोर दोन फेऱ्या मारून बघा.

सुरुवात किंग्स्टनच्या लॉकपासून करा. बरेच जण प्रिन्सटनच्या अलेक्झांडर रोडवरून निघतात. कार्नेगी लेक आणि कॅनॉल यांच्या मधून जाणारा तो पट्टा देखणा आहे यात वाद नाही. हा तलाव अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १९०६ साली, विद्यापीठाच्या मुलांना वल्हवायला म्हणून बांधला. पण शनिवारी सकाळी तिथे धावणारे, बाबागाड्या आणि कुत्रेवाले यांची जत्रा असते. पंधरा सायकली घेऊन त्यात शिरणं म्हणजे तुळशीबागेत बैलगाडी घालणं. किंग्स्टनपासून उत्तरेला गर्दी विरळ होते. डाव्या हाताला झाडीतून मिलस्टोन नदी, उजव्या हाताला कॅनॉल, आणि मधून तुम्ही.

पहिला टप्पा किंग्स्टन ते रॉकी हिल, सुमारे दोन मैल. याच पट्ट्यात रॉकिंगहॅम नावाचं घर आहे. १७८३ साली जॉर्ज वॉशिंग्टन तिथे काही महिने राहिला होता आणि सैन्याला निरोपाचा आदेश त्याने तिथूनच दिला. घर मात्र मूळ जागी नाही. शेजारच्या दगडाच्या खाणीमुळे ते १८९६, १९५६ आणि २००१ असं तीनदा उचलून हलवावं लागलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वॉशिंग्टनपेक्षा 'अख्खं घर उचललं' यातच जास्त रस असतो, तेव्हा गोष्ट तशीच सांगा.

रॉकी हिलला थांबून एकदा प्रत्येकाकडे नीट बघा. 'बरं आहे ना?' असं विचारू नका, सगळे 'हो हो' म्हणणार. खांदे कानापर्यंत आलेत का, कोण मान चोळतंय, कोण सायकलवरून उतरून परत बसायला कां-कू करतंय ते बघा. ज्यांचं झालं असेल त्यांनी इथूनच कॅनॉलच्या पलीकडच्या जुन्या रेल्वेमार्गावरून किंग्स्टनला परतावं. ही फेरी पावणेचार मैलांच्या आसपास होते आणि त्याच वाटेने परतल्यासारखंही वाटत नाही. बाकीच्यांनी पुढे ग्रिग्सटाउनपर्यंत जावं. किंग्स्टनपासून ते साधारण पाच मैल. तिथे जुना लॉक आहे, पूल राखणाऱ्याचं घर आहे, आणि खेचरं हाकणाऱ्यांच्या राहण्याची इमारतही अजून उभी आहे. जेवायला याहून चांगली जागा या वाटेवर नाही. त्यापुढे ब्लॅकवेल्स मिल्स आहे, तीही जागा सुंदर, पण ती पुढच्या वेळी.

नव्या माणसांसकट हा गट चालत्या सायकलवर ताशी सात-आठ मैलांच्या वर जाणार नाही. थांबे धरले तर आणखी कमी. म्हणून नियम असा करा: निघाल्यापासून सव्वा तास झाला की जिथे असाल तिथे थांबायचं, खायचं, आणि तिथूनच मागे. ग्रिग्सटाउन अर्धा मैल उरलंय म्हणून मोह धरायचा नाही. परतीला जाण्यापेक्षा तिसरा हिस्सा वेळ जास्त लागतो, हे धरूनच चाला.

आता मुख्य गोष्ट, गट कसा चालवायचा. वाट जेमतेम दोन सायकली एकमेकींना ओलांडतील एवढी. त्यामुळे गट म्हणजे आपोआप एक लांब शेपूट होतं, आणि पंधरा जणांचं शेपूट बघता बघता अर्धा मैल पसरतं. पुढच्याला मागचं काही कळत नाही. सह्याद्रीत ट्रेकला आपण 'लीड' आणि 'बॅकलीड' ठेवतो, तसंच इथे करा. फक्त एक बदल: ज्याला सगळ्यात जास्त कळतं तो पुढे नको, मागे हवा.

हे मी शिकलो ते एका ऑक्टोबरमधल्या दुपारी. बारा जण होतो. मी पुढे, कारण वाट मला माहीत. पंप, जादा ट्यूब, टायर लिव्हर सगळं माझ्याच बॅगेत. मला वाटलं, सामान अनुभवी माणसाकडे असलेलं बरं. परतीला मी आणि चार-पाच जण किंग्स्टनला पोहोचलो, सायकली गाडीवर चढवल्या, थर्मास उघडला. वीस मिनिटं झाली, तीस झाली, मागचे येईनात. फोन लागेना. अखेर मी परत सायकल काढली आणि उलटा निघालो. रॉकी हिलच्याही पलीकडे, पिवळ्या पानांच्या चिखलातून, सहासष्ट वर्षांचे एक काका सायकल ढकलत चालत येताना दिसले. मागचं चाक रिमवर बसलेलं, आणि प्रत्येक फेऱ्याला व्हॉल्व्ह जमिनीला लागून टक्, टक् वाजत होता. शेजारी दोघे जण आपापल्या सायकली हातात धरून सोबतीला. काका म्हणाले, 'तुम्ही पुढे आहात म्हटलं, कशाला उगीच थांबवा.' टायर काढून आतून बोट फिरवलं तर रानगुलाबाचा काटा होता, अर्ध्या सेंटिमीटरचा. काम दहा मिनिटांचं. पण माझ्या पंपाचं तोंड बारीक व्हॉल्व्हचं, आणि काकांच्या सायकलला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह. बसेचना. शेवटी त्यांना माझी सायकल दिली आणि त्यांची मी ढकलत नेली. पार्क सूर्यास्ताला बंद होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा लॉटमध्ये फक्त आमच्याच गाड्या उरल्या होत्या.

तेव्हापासून मी शेवटी असतो, आणि माझ्यामागे कुणीही नसतं. पुढे एखादी शांत स्वभावाची, बेताने चालवणारी व्यक्ती ठेवतो, आणि वेग ती ठरवते. तिला एवढंच सांगायचं: रस्ता ओलांडायचा आला की थांब, आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलू नकोस. आणखी एक. मागचे पोहोचले की पुढचे लगेच निघतात, ही वाईट खोड आहे. जो सगळ्यात दमलाय त्यालाच विश्रांती मिळत नाही. शेवटचा माणूस आल्यावर पाच मिनिटं मोजायची, मग निघायचं. पंधरा जणांचे तीन छोटे गट करा, मधे मिनिट-दोन मिनिटांचं अंतर सोडा, म्हणजे समोरून चालत येणाऱ्यांनाही जागा मिळते. एकामागे एक, मधे दोन सायकलींचं अंतर, उजवी बाजू धरून. गप्पा मारायला जोडीने चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. गप्पा थांब्यावर मारा. कुणाला ओलांडताना आधी घंटी, मग 'ऑन युअर लेफ्ट' म्हणा, आणि मग वेग कमी करूनच जा. सायकलला घंटी असणं इथे कायद्यानेही लागतं आणि सतरा वर्षांखालच्यांना हेल्मेटही. मोठ्यांना कायदा नाही, तरी हेल्मेटशिवाय आलेल्याला मी सायकलवर बसू देत नाही. त्यावरून एक-दोन जण रुसलेत, रुसू देत.

मागच्या माणसाकडे काय असावं? गटात जितक्या मापांची चाकं आहेत तितक्या मापांच्या ट्यूब, दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा पंप, तीन टायर लिव्हर, षटकोनी पान्यांचा संच, चेनला लागेल असं थोडं तेल, दोन-तीन झिप टाय, आणि हात पुसायला जुनी चिंधी. जखमेसाठी गॉज, चिकटपट्टी आणि पाण्याची वेगळी बाटली, कारण खडीवर पडलं की जखमेत आधी माती जाते आणि ती धुतल्याशिवाय पट्टी लावून उपयोग नसतो. किंग्स्टनला सगळ्यांच्या चाकांची मापं टायरच्या कडेवर वाचून घ्या. पंक्चर झालेली ट्यूब तिथेच पॅच करत बसू नका, नवी टाका. जुनीचं घरी बघता येतं. आणि नवी घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायला विसरलात, तर तोच काटा नव्या ट्यूबलाही भेटतो.

वाटेवर काही ठिकाणी दगडी सांडवे लागतात. कॅनॉल भरला की जादा पाणी त्यावरून नदीत जातं. कोरडे असताना नुसते दणके बसतात, ओले असताना ते शेवाळलेले असतात. उतरून चाला. रॉकी हिलला टोपाथ ५१८ नंबरच्या रस्त्याला मिळतो. तिथेही सगळ्यांनी उतरून, एकत्र, सायकल हातात धरून ओलांडायचं.

मे महिन्यात कॅनडा गूज, म्हणजे हंसासारखे मोठे पक्षी, पिल्लं घेऊन वाटेवर बसलेले असतात. पिल्लं पिवळी, गोंडस. आईबाप फुत्कारत अंगावर येतात. घंटी वाजवून ते हलत नाहीत, उलट चिडतात. उतरायचं, सायकल त्यांच्या आणि आपल्या मधे धरायची आणि नजर न भिडवता हळू पुढे जायचं. मुलं घाबरून हॅण्डल कॅनॉलच्या बाजूला वळवतात, म्हणून मुलांना नेहमी दोन मोठ्यांच्या मधे ठेवा आणि पाण्याच्या कडेपासून लांब. काठ उभे आहेत, पाणी वाटतं त्यापेक्षा खोल आहे. मेअखेरीस मोठी स्नॅपिंग कासवं अंडी घालायला वाटेवर येतात. उचलून बाजूला ठेवण्याचं पुण्य कमवू नका, ती कडकडून चावतात.

गोचिडींचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे-जूनमध्ये हरणांवरच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि लाइम नावाचा आजार बहुतेक त्यांच्याकडूनच होतो. गवतात सायकली आडव्या टाकून लोळू नका. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांच्या कडेला नीट बघा. पॉयझन आयव्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना आहे. तीन-तीन पानांचा गुच्छ, बेलासारखा. एका पाहुण्या मावशींनी खरंच सोमवारच्या पूजेला म्हणून हात घातला होता. वेळेवर ओरडलो.

पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा. वाट चिकट होते, तिच्यात चाकोऱ्या पडतात आणि त्या मग महिनाभर तशाच राहतात. मिलस्टोन नदी शेजारीच असल्यामुळे मोठ्या पुरात टोपाथ वाहूनही जातो. सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळात ठिकठिकाणी तसं झालं. म्हणून आदल्या दिवशी पार्कच्या सूचना बघाच, आणि गट मोठा आहे म्हणून त्यांच्या कार्यालयाला एक फोन करा. इ-बाइक आणणाऱ्यांनीही तिथेच विचारावं, नियम बदलत असतात. त्याच २०२१ च्या मे-जूनमध्ये सतरा वर्षांनी येणारे सिकाडा नावाचे किडे प्रिन्सटनभर बाहेर पडले होते. आवाज असा, की ओरडून दिलेली सूचनाही ऐकू जाईना, आम्ही हातवाऱ्यांवर राइड केली. आता पुढची पाळी २०३८ ला.

खाण्याचं फार मोठं करू नका. दशमी-चटणी, केळी, खारे शेंगदाणे, आणि मीठ घातलेलं लिंबू सरबत. भरपेट जेवून परत सीटवर बसणं ही शिक्षा आहे. स्वच्छतागृह किंग्स्टनलाच उरकून घ्या, वाटेत भरवसा धरू नका.

राहिले पुण्याहून आलेले आईबाबा. त्यांना घरी ठेवू नका, आणि 'बाबा रोज पर्वती चढतात' म्हणून दहा मैलांच्या सायकलवरही बसवू नका. पर्वतीचे पाय वेगळे, सीट वेगळी. कुणीतरी एकाने त्यांना जेवणाच्या सामानासकट गाडीने थेट ग्रिग्सटाउनला आणावं. तिथे टोपाथवर अर्धा मैल पुढे, अर्धा मैल मागे सावलीतून चालता येतं, पाण्यात ओंडक्यावर कासवं रांगेने ऊन खात बसलेली असतात, नशीब असेल तर निळा बगळा दिसतो. तुमची फौज घामाघूम होऊन पोहोचेल तोवर ते लॉकच्या दगडावर बसलेले असतील. बाबांना फारच खुमखुमी असली तर एक जादा सायकल गाडीच्या मागे लावून आणा, सीट आधी कमी-जास्त करून ठेवा, आणि पुलापासून पुढच्या वळणापर्यंत एक फेरी मारू द्या. मागून तुम्ही.